नामांचे मूळ आणि कूळ : प्रस्तावना

गावाचे नाव आणि माणसाचे नाव हे शब्द दिवसातून असंख्य वेळा उच्चारले जातात, पण त्यांचा अर्थ विचारण्याची वेळ क्वचितच येते. ‘झाड’ किंवा ‘पाणी’ या शब्दांचा अर्थ ठाऊक असल्याशिवाय ते वापरता येत नाहीत. ‘लातूर’ किंवा ‘येसाजी’ हे शब्द मात्र अर्थ मुळीच ठाऊक नसतानाही बिनचूक वापरता येतात. सामान्य शब्द आणि विशेषनाम यांच्यातील हा भेद वरवर किरकोळ वाटला, तरी नामविज्ञान, म्हणजे विशेषनामांची उत्पत्ती, घडण आणि प्रवास यांचा पद्धतशीर अभ्यास, याच भेदावर उभे आहे. सामान्य शब्दाचा अर्थ विसरला गेला की तो शब्द प्रचारातून जातो. नावाचा अर्थ विसरला गेला तरी नाव चालूच राहते. राज्ये जातात, वस्ती बदलते, बोलली जाणारी भाषादेखील बदलते, आणि तरीही पूर्वीच्या लोकांनी नदीला, डोंगराला, गावाला दिलेले नाव नंतर आलेल्यांच्या तोंडी रुळलेले असते. म्हणूनच ज्या लोकांनी मागे एकही ग्रंथ ठेवला नाही, त्यांच्या भाषेचा पुरावाही नावांत सापडू शकतो. स्थलनामे आणि व्यक्तिनामे यांचा एकत्र विचार करणाऱ्या प्रस्तुत ग्रंथाची भूमिका एवढीच आहे की नाव हा इतिहासाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची साक्ष घेण्याचे जे नियम असतात ते नावांनाही लागू केले पाहिजेत.

प्राचीन भारतीय विचार

या विषयाचा आधुनिक विस्तार युरोपात झाला असला, तरी त्यातील मूलभूत प्रश्न भारतात फार पूर्वी विचारले गेले होते. यास्काच्या ‘निरुक्त’ ग्रंथात या वादाची नोंद आहे : सर्व नामे क्रियापदांच्या धातूंपासून निघाली, असे शाकटायनाचे मत होते, तर सर्वच नामे तशी निघालेली नाहीत, असे गार्ग्य मानत असे. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या चौथ्या अध्यायात स्थलनामे कोणत्या कारणांनी पडतात याचे चार प्रकार लागोपाठच्या चार सूत्रांत मांडले. एखादी वस्तू त्या प्रदेशात आहे म्हणून, एखाद्याने ते स्थळ वसवले म्हणून, एखाद्या जनसमूहाचा तेथे निवास आहे म्हणून, आणि ते स्थळ दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या जवळ आहे म्हणून, अशी ती चार कारणे होत. उंबराची झाडे असलेला तो औदुंबर देश, कुशांबाने वसवलेली ती कौशांबी, शिबींचा निवास तो शैब, आणि विदिशेजवळचे ते वैदिश, ही परंपरेने दिलेली उदाहरणे आहेत.

ही चौकट आजच्या महाराष्ट्रालाही आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते. उंबरगाव, पिंपळगाव, बोरगाव, बाभूळगाव, आंबेगाव ही नावे पहिल्या प्रकारची. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेल्या आणि आता अहिल्यानगर झालेल्या शहराचे अहमदनगर हे नाव दुसऱ्या प्रकारचे. कुंभारवाडा, सुतारवाडी, माळवाडी ही तिसऱ्या प्रकारची. आणि नीरा नदीच्या काठी वसून नदीचेच नाव घेतलेले नीरा हे गाव चौथ्या प्रकारचे. मात्र पाणिनीची खरी दूरदृष्टी या वर्गीकरणाहूनही दुसऱ्या एका ठिकाणी दिसते. पहिल्या अध्यायातील एका सूत्रात तो असे सुचवतो की व्युत्पत्तीचा अर्थ हेच जर नावाचे प्रमाण असते, तर तो अर्थ नाहीसा झाल्यावर नावही नाहीसे व्हायला हवे होते. पण तसे होत नाही. वरण नावाच्या झाडांवरून नाव पडलेल्या नगरीजवळ झाडे उरली नाहीत, तरी नगरीचे नाव उरते. नावाला वापराचा आधार पुरतो, अर्थाचा असलाच पाहिजे असे नाही, हा नामविज्ञानातील पायाभूत सिद्धान्त इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी मांडला असेल.

गावांच्या नावांतील भाषांचे थर

अर्थ गेला तरी नाव टिकते, याचा परिणाम असा होतो की एकाच प्रदेशातील गावांच्या नावांत, आणि कधी कधी एकाच गावाच्या नावात, निरनिराळ्या काळांतील भाषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुण्याच्या दक्षिणेकडील वडगाव बुद्रुक हे नाव घ्यावे. त्यातील ‘वड’ हा संस्कृत ‘वट’चा प्राकृतातून आलेला वंशज, ‘गाव’ हा ‘ग्राम’चा वंशज, आणि ‘बुद्रुक’ हा फार्सी ‘बुजुर्ग’, म्हणजे थोर किंवा मोठा, या शब्दाचा मराठी जिभेवर घडलेला अवतार आहे. त्याचा जोडीदार ‘खुर्द’ हाही फार्सीच असून त्याचा अर्थ लहान असा होतो. एकाच नावाच्या दोन वस्त्यांपैकी मोठी कोणती आणि धाकटी कोणती, हे महसुली कागदांत ओळखता यावे म्हणून ही उपपदे लागली, आणि फार्सी दफ्तर मागे पडून कित्येक पिढ्या झाल्या तरी ती खेड्यापाड्यांतून तशीच चालू आहेत.

लातूर हे नाव आणखी खोलवर नेते. राष्ट्रकूटांच्या आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या रट्ट घराण्याच्या लेखांत त्यांचे मूळ नगर ‘लट्टलूर’ असे दिलेले आहे, आणि त्यातील शेवटचा ‘ऊर’ हा कन्नड व तमिळ या भाषांत आजही गाव या अर्थाने वापरला जाणारा द्राविड शब्द आहे. मराठी बोलणाऱ्याला तो स्वतंत्र शब्द म्हणून परका असला, तरी नावाच्या पोटात तो शतकानुशतके त्याच्याच तोंडी आहे. महाराष्ट्रातील स्थलनामांत दडलेल्या या कन्नड थराकडे शं. बा. जोशी यांनी मराठी वाचकांचे लक्ष आग्रहाने वेधले. त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य केले नाहीत, तरी हा प्रश्न टाळून महाराष्ट्राच्या प्राचीन वस्तीचा इतिहास लिहिता येणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

हाच प्रकार जगभर आढळतो. ब्रिटनमधून रोमन सैन्य गेल्याला सोळा शतके झाली, पण छावणी या अर्थाचा लॅटिन ‘कास्त्रा’ हा शब्द मँचेस्टर, विंचेस्टर, लँकेस्टर या नावांच्या अखेरीस टिकून आहे. त्याच देशाच्या पूर्व आणि उत्तर भागांत ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बी अशी नावे लागतात. त्यांतील ‘बी’ हा नवव्या शतकापासून तेथे वसलेल्या डेन लोकांचा गाव या अर्थाचा शब्द असल्याने, अशी नावे नकाशावर मांडली की डेन वसाहतीची व्याप्तीच डोळ्यांपुढे उभी राहते. स्पेनमधील सारागोसा या शहराचे मूळ नाव रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावावरून ‘कैसरऑगुस्ता’ असे होते. अरबी राजवटीत त्याचे ‘सरकुस्ता’ झाले आणि स्पॅनिश उच्चारात आजचे रूप आले, म्हणजे सम्राटाचे नाव दोन धर्मांच्या आणि तीन भाषांच्या हातांतून जाऊन ओळखू न येण्याइतके झिजले, पण पुसले गेले नाही. आग्नेय आशियात संस्कृत नावांचा असाच प्रवास झाला : सिंगापूर म्हणजे सिंहपूर, आणि थायलंडची जुनी राजधानी अयुथ्या म्हणजे अयोध्या.

या सर्व थरांत सर्वांत खालचा आणि सर्वांत जुना थर बहुधा नद्यांच्या नावांचा असतो. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे मराठीत म्हणतात. नामविज्ञानाला मात्र हा निषेध पाळता येत नाही, कारण नदीच्या नावाचे मूळ हाच त्याचा सर्वांत मोलाचा शोध असतो. गावे उठतात आणि नवी वसतात, पण नदी जागच्या जागी राहते, आणि तिच्या काठी नव्याने आलेले लोक बहुधा तिचे जुनेच नाव उचलतात, पुष्कळदा ते नाव आहे की नुसता ‘नदी’ या अर्थाचा शब्द, हे न कळताच. इंग्लंडमधील अनेक नद्यांचे एव्हन हे नाव तसेच आहे. वेल्श भाषेत ‘अवॉन’ म्हणजे नदीच. पूर्व युरोपातील डॉन, नीपर, नीस्टर या नावांत नदी किंवा पाणी या अर्थाचा प्राचीन इराणी शब्द आहे. कॉकेशस पर्वतातील ओसेटियन भाषेत तो ‘दोन’ या रूपात अजून जिवंत आहे, आणि ऋग्वेदातील ‘दानु’ हा ओलावा किंवा थेंब सुचवणारा शब्द त्याचाच सगोत्र मानला जातो. ‘सिंधु’ हा शब्दही मुळात नदीवाचक. इराणी उच्चारात ‘स’चा ‘ह’ होऊन त्याचे ‘हिंदु’ झाले, ग्रीकांनी तो ‘ह’ गाळून ‘इंदोस’ केले, आणि एका नदीच्या नावातून एका देशाची आणि तेथील लोकांची जगभरची नावे निघाली.

व्युत्पत्तीची शिस्त

नावांचे अर्थ लावणे हा सर्वांना आवडणारा उद्योग आहे, आणि म्हणूनच त्यात चुकांना भरपूर वाव आहे. नावाच्या आजच्या रूपासारखा दिसणारा एखादा शब्द शोधून त्याभोवती कथा रचणे, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शास्त्रीय व्युत्पत्तीचा क्रम याच्या नेमका उलट असतो : प्रथम नावाची उपलब्ध असलेली सर्व जुनी लिखित रूपे काळाच्या क्रमाने मांडावी लागतात, नंतर त्या भाषेतील ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी एका रूपातून पुढचे रूप निघते की नाही हे पाहावे लागते, स्थानिक लोक नाव कसे उच्चारतात याची नोंद घ्यावी लागते, आणि शेवटी त्या ठिकाणची जमीन, पाणी, झाडी त्या अर्थाला दुजोरा देते का हे तपासावे लागते.

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे उदाहरण या पद्धतीचे बळ दाखवते. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात दक्षिणेतील ‘तगर’ या व्यापारी पेठेचा उल्लेख आहे, आणि पुढे शिलाहार राजे स्वतःला तगर नगरीचे अधिपती म्हणवीत. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळून त्या जागी हलका ‘य’ येतो आणि नंतर ते स्वर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’ होणे नियमाला धरून आहे. हा नियम एकाच नावासाठी बनवलेला नाही, हे ‘नगर’ या शब्दावरून पडताळता येते, कारण अमळनेर, जामनेर, संगमनेर या नावांतील ‘नेर’ हे ‘नगर’चेच त्याच वाटेने आलेले रूप मानले जाते.

पुणे आणि ठाणे या नावांतही असाच एक नियम जवळून पाहता येतो. ७५८ आणि ७६८ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याच्या परिसराला अनुक्रमे ‘पुण्य विषय’ आणि ‘पुनक विषय’ म्हटले आहे; विषय म्हणजे तेव्हाचा एक प्रशासकीय विभाग. ठाण्याला शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ म्हटले आहे. संस्कृत-प्राकृतातील ‘क’कारान्त नपुंसकलिंगी शब्द मराठीत ‘ए’कारान्त होतात, म्हणून ‘स्थानक’चे ठाणे आणि ‘पुनक’चे पुणे, आणि त्याच घडणीचे पुल्लिंगी शब्द ‘आ’कारान्त होतात, म्हणून ‘घोटक’चा जसा घोडा, तसे ‘शूर्पारक’चे सोपारा. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा १८८२ साली जेथे पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला, ते प्राचीन बंदर हेच. ताम्रपटातील रूप संस्कृत आहे एवढ्यावरून मात्र ते बोलण्यात असलेले मूळ रूप ठरत नाही, कारण लेख लिहिणाऱ्याने लोकांच्या तोंडचे प्राकृत नाव संस्कृतात बसवून घेतलेले असू शकते. पुण्याची दोन भिन्न रूपे केवळ दहा वर्षांच्या अंतराने मिळतात, ही गोष्ट या सावधगिरीची गरज स्पष्ट करते.

व्याकरणाच्या साध्या कसोटीवर एखादी लोकप्रिय व्युत्पत्ती कशी टिकत नाही, याचे उदाहरण मुंबईचे आहे. पोर्तुगीजांनी या बेटाला ‘चांगला उपसागर’ या अर्थाने ‘बॉम बाहिया’ म्हटले आणि त्यावरून बॉम्बे झाले, असे दीर्घकाळ सांगितले गेले. पण पोर्तुगीज भाषेत उपसागरवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘बॉम’ हे विशेषण पुल्लिंगी आहे. त्या अर्थाने नाव दिले असते तर ते ‘बोआ’ने सुरू झाले असते. शिवाय पोर्तुगीजांची सत्ता येथे येण्यापूर्वी, १५१६ च्या सुमारास लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाच्या वृत्तान्तात ‘मयांबू’ असे रूप ठाण्याच्या नावाला जोडून येते. मुंबा ही देवी आणि ‘आई’ हे तिच्या नावाला लागलेले आदराचे पद यांतून मुंबई हे नाव आले, आणि पोर्तुगीज ‘बोंबाइं’ हा त्याचा परभाषिक उच्चार ठरला.

तरीही लोकव्युत्पत्ती म्हणजे टाकाऊ माल, असे समजणे बरोबर होणार नाही. नाशिक या नावाचा संबंध शूर्पणखेच्या नाकाशी जोडणारी कथा नावाच्या उगमाविषयी फारसे सिद्ध करीत नाही. पण गोदाकाठचा हा परिसर लोकांनी रामकथेच्या भूगोलात कसा बसवला, याचा ती उत्तम पुरावा आहे. इस्तंबूल या नावाचे मूळ ‘नगरीत’ किंवा ‘नगरीकडे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दसमूहात आहे. पण त्याला ‘इस्लामबोल’, म्हणजे इस्लामने भरलेले, असे रूप देऊन अठराव्या शतकातील उस्मानी नाण्यांवरही ते उमटवले गेले. जे मूळ नव्हते ते अशा रीतीने इतिहासाचा भाग झाले, आणि अभ्यासकाला दोन्हींची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावी लागते.

माणसांची नावे

स्थलनाम बहुधा हळूहळू, अनेकांच्या तोंडून घडते. व्यक्तिनाम मात्र ठरवून, एका विशिष्ट दिवशी, कोणीतरी दिलेले असते. प्राचीन रोममध्ये मुलीचे नाव आठव्या आणि मुलाचे नवव्या दिवशी ठेवीत. भारतीय गृह्यसूत्रांत दहाव्या दिवसाचा उल्लेख येतो, आणि मराठी घरांत बाराव्या दिवशी पाळण्याशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. मुलाच्या नावात अक्षरे सम असावीत, मुलीच्या नावात विषम असावीत, नावाचा आरंभ घोषवर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या नादयुक्त व्यंजनाने व्हावा, असे बारीक नियम पारस्कर गृह्यसूत्रात आहेत, आणि पतंजलीने ‘महाभाष्या’च्या आरंभी व्याकरण का शिकावे हे सांगताना याच नियमांचा आधार घेतला आहे.

हेतूच्या दृष्टीने पाहिले तर भाषा कितीही दूरच्या असल्या तरी माणसांची नावे थोड्याच इच्छांभोवती फिरतात. पहिली इच्छा कीर्तीची. वैदिक नावांत देवश्रवस्, सत्यश्रवस् अशी जी नावे येतात, त्यांतील ‘श्रवस्’ म्हणजे कीर्ती, जी कानांवर पडते ती. पेरिक्लीस, सोफोक्लीस या ग्रीक नावांतील ‘क्लीस’, व्लादिस्लाव, यारोस्लाव या स्लाव नावांतील ‘स्लाव’, आणि लुडविग या जर्मन नावातील पहिला अवयव हे सगळे ‘श्रु’ या संस्कृत धातूशी सगोत्र आहेत, आणि लुडविगचेच फ्रेंच रूप लुई आहे. दोन पदे जोडून, त्यांपैकी एक कीर्तिवाचक ठेवून मुलाचे नाव घडवण्याची रीत या भाषा एकमेकींपासून विलग होण्यापूर्वीची असली पाहिजे, असा निष्कर्ष यातून निघतो.

दुसरी इच्छा देवाविषयीच्या कृतज्ञतेची. मूल हे देवाचे देणे, हा एकच भाव संस्कृतात देवदत्त, ग्रीकमध्ये थिओडोरस, लॅटिनमध्ये देओदातुस, स्लाव भाषांत बोग्दान, फार्सीत खुदादाद आणि अरबीत अताउल्ला या नावांनी व्यक्त झाला. ज्या नावांत देवाचे नाव अंतर्भूत असते, त्यांना देवनामगर्भ नावे म्हणता येईल, आणि त्यांचे प्रवास सर्वांत लांबचे असतात. ‘यहोवाने कृपा केली’ या अर्थाचे हिब्रू योहानान हे नाव बायबलच्या प्रसाराबरोबर ग्रीक व लॅटिनमधून युरोपभर गेले आणि त्याचे इंग्रजीत जॉन, फ्रेंचमध्ये जाँ, स्पॅनिशमध्ये हुआन, इटालियनमध्ये जोवान्नी, रशियनमध्ये इव्हान, आयरिशमध्ये शॉन झाले. कुराणात बायबलमधील बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला याह्या म्हटले आहे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या नावात हाच कृपावाचक सेमिटिक धातू आहे, फक्त कृपा करणारा देव तेथे बाल आहे. पोर्तुगीज जुआंव या रूपाने हे नाव गोव्यात पोचले, आणि दरवर्षी २४ जूनला फुलांची कोपेलां डोक्यावर घालून तरुण विहिरींत उड्या टाकतात, त्या सांजांव सणाच्या नावात ते घरोघर उच्चारले जाते.

तिसरी प्रेरणा भयाची आहे, आणि तिच्याकडे अधिक आस्थेने पाहायला हवे. ज्या घरांत मुले जगत नसत, त्या घरांत नव्या मुलाला मुद्दाम हलके नाव देत, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याचे किंवा मृत्यूचे लक्ष त्याच्याकडे जाऊ नये. धोंडू, दगडू, भिकू, केरबा, उकिरडा ही मराठी नावे अनादरातून आलेली नाहीत; ती मूल वाचावे म्हणून केलेली विनवणी आहेत. तुर्कीतील दुर्सुन, म्हणजे ‘राहो’, आणि नायजेरियातील योरुबा भाषेतील मालोमो, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, ही नावे त्याच दुःखातून आली. याउलट नकुसा आणि नकोशी ही नावे मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, या नाराजीतून ठेवली गेली, आणि त्यांचे ओझे ज्या मुलीने नाव मागितले नव्हते तिला जन्मभर वाहावे लागले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. नावाला अर्थ लागत नाही हे भाषाशास्त्रीय सत्य असले, तरी ज्याचा अर्थ सर्वांना कळतो असे नाव माणसाला किती दुखवू शकते, हेही तितकेच सत्य आहे, आणि नामविज्ञानाने या दोन्हींचा हिशेब ठेवला पाहिजे.

याशिवाय जन्मवेळेवरून पडलेली नावे आहेत. घानामधील अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला कोफी आणि शनिवारी जन्मलेल्याला क्वामे म्हणतात. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांतही सोमा, बुध्या, शुक्र्या अशी वारांवरून आलेली नावे आढळतात. दीर्घ नाव लाडाने तोडून लहान करणे हीसुद्धा सार्वत्रिक प्रवृत्ती आहे : देवदत्ताचे देविक किंवा देविल होते हे पाणिनीने सूत्रांत बांधून ठेवले आहे, आणि ज्ञानेश्वराचा ज्ञानोबा, महादेवाचा महादू हे मराठीतील तसेच प्रकार आहेत.

व्यक्तिनामे माणसांच्या मिसळण्याचा पुरावाही देतात. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात उत्तर मेसोपोटेमियातील मितान्नी राज्याची प्रजा हुरियन भाषा बोलत असे, पण तुश्रत्त, अर्ततम ही तेथील राजांची नावे भारतीय-आर्य घडणीची आहेत. महाराष्ट्रात नाशिकच्या लेण्यांत नहपान या शक क्षत्रपाचे नाव इराणी घडणीचे आहे, तर त्याच्या मुलीचे दक्षमित्रा आणि जावयाचे उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, असे आहे. परक्या मुलखातून आलेले घराणे किती लवकर येथले होऊ लागले, हे या तीन नावांवरून दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर सिहधय, म्हणजे सिंहध्वज, अशा भारतीय नावांचे यवन दाते नोंदले आहेत. नावावरून माणसाचा वंश ठरवण्याची घाई किती धोक्याची आहे, हे या लेखांतून शिकावे.

गाव आणि माणूस यांना जोडणारी आडनावे

स्थलनाम आणि व्यक्तिनाम या दोन शाखा जेथे एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे आडनाव. आंध्र आणि कर्नाटकात गावाचे नाव व्यक्तिनामापूर्वी येते. सर्वपल्ली राधाकृष्णन आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावांतील पहिली पदे गावांची आहेत. मराठीत ते शेवटी ‘कर’ लावून येते. गोव्यातील मंगेश या देवावरून मंगेशी हे गाव, आणि त्यावरून मंगेशकर हे आडनाव, अशी देव, गाव आणि घराणे यांची साखळी तयार झाली. आइसलँडमध्ये बहुतेकांना कायमचे आडनाव नसून वडिलांच्या किंवा आईच्या नावाला मुलगा वा मुलगी या अर्थाचे पद जोडतात, तर तुर्कस्तानात १९३४ सालच्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला आडनाव घ्यावे लागले. म्हणजे आडनाव ही निसर्गदत्त गोष्ट नसून समाजाने आणि राज्यसंस्थेने घडवलेली सोय आहे.

या सर्व धाग्यांचा संगम कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या नावांत फार सुंदर दिसतो. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. सामाजी म्हणजे सॅम्युअल आणि हसाजी म्हणजे इझेकिएल; बायबलमधील दोन हिब्रू नावांना मराठी ‘जी’ लागला आणि त्यांच्यामागे दिवे या गावाचे ‘कर’ जोडले गेले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गावाचे नाव हा क्रम पूर्णपणे मराठी राहिला, धर्माची परंपरा नावांच्या मुळात राहिली, आणि दोन्हींत कोठेही ताण आला नाही.

नामांतर आणि सत्ता

नाव देण्याचा अधिकार हा सत्तेचा एक भाग असल्याने राज्यकर्त्यांनी नावे बदलली, हे सर्व खंडांत घडले आहे. रशियातील सेंट पीटर्सबर्ग १९१४ साली पेट्रोग्राड, १९२४ साली लेनिनग्राड आणि १९९१ साली पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. मलिक अंबरने १६१० साली खडकी या गावी उभारलेले शहर पुढे फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. मोगल अमलातील गुलशनाबाद हे नाव मात्र दफ्तरापुरते राहिले आणि लोकांच्या तोंडी नाशिकच राहिले. कोणते नामांतर रुजते आणि कोणते गळून पडते, याचा निकाल अखेर बोलणारे लोक देतात, आणि तो कळायला कधी कधी शतक लागते. अभ्यासकाचे काम या वादांत बाजू घेण्याचे नसून प्रत्येक नाव केव्हा, कोणी आणि कोणत्या कारणाने चालवले याची नोंद निरपवादपणे ठेवण्याचे आहे. जुने नाव वगळणारी नोंद जितकी अपुरी, तितकीच नवे नाव नाकारणारीही.

अभ्यासाची परंपरा आणि पुढचे काम

युरोपात या विषयाला संस्थात्मक रूप विसाव्या शतकात आले. इंग्लंडमध्ये १९२३ साली स्थलनामांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिने परगण्यांनुसार सर्वेक्षणाचे खंड काढले. १९३८ साली फ्रेंच अभ्यासक आल्बेर दोझा यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये नामविज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आणि भौगोलिक नावांच्या लेखनाचे प्रमाणीकरण करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ साली जिनिव्हात झाली. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी गावे, माणसे आणि आडनावे यांच्या नावांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. त्यांच्या काही व्युत्पत्ती आज मान्य होणार नाहीत, पण प्रश्न विचारण्याचे त्यांचे धाडस अजून मार्गदर्शक आहे. ह. धी. सांकलिया यांनी गुजरातच्या कोरीव लेखांतील स्थलनामे आणि व्यक्तिनामे एकत्र अभ्यासून, लेखांतील नावे काटेकोरपणे वर्गीकृत केली तर समाजाचा नकाशा कसा उभा राहतो, हे दाखवले.

या परंपरेत राहिलेली मोठी उणीव म्हणजे लहान नावांची. शहरांच्या आणि राजधान्यांच्या नावांवर बरेच लिहिले गेले. पण शेत, मळा, पाणंद, खिंड, डोह, उतार, ओढा यांना गावकऱ्यांनी दिलेली नावे बहुतेक ठिकाणी कोणत्याही कागदावर नाहीत. जमिनीच्या उताऱ्यावर शेताला गट क्रमांक असतो. त्या शेताला घरातली माणसे काय म्हणतात, हे त्यात येत नाही. धरणाखाली गाव गेले की गावाचे नाव पुनर्वसित वस्तीबरोबर पुढे जाते, पण त्याच्या शिवारातील नावे पाण्याखालीच राहतात. शहर वाढले की नव्या वसाहतींची नावे टेकड्या आणि ओढे यांच्या जुन्या नावांवर चढतात. ही नावे ज्यांच्या स्मरणात आहेत ती पिढी आता वृद्ध आहे. प्रत्येक गावच्या शाळेने, ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपापल्या शिवारातील नावांची यादी, ती स्थानिक उच्चाराप्रमाणे, सांगणाऱ्याच्या शब्दांतील कथेसह आणि जागेच्या खुणेसह तयार केली, तर महाराष्ट्राच्या नामविज्ञानाला जो पाया मिळेल तो कोणत्याही एका विद्वानाच्या प्रयत्नाने मिळणार नाही. प्रस्तुत ग्रंथातील विवेचन वाचून एखाद्या वाचकाने आपल्या गावापुरती अशी यादी करायला घेतली, तर या ग्रंथाचे प्रयोजन सिद्धीस गेले असे समजता येईल.